मत नाही, पण मत आहे

काउंटी म्हटलं की आपल्या पिढीच्या डोक्यात एकच गोष्ट येते. क्रिकेट! अमका यंदा काउंटी खेळायला गेला, तमक्याला काउंटीने साइन केलं, बास. २०१९ मध्ये दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि एक नवरा घेऊन मी कोथरूडहून थेट कॅलिफोर्नियात उतरले, तोवर माझंही काउंटीविषयीचं जनरल नॉलेज इथेच संपत होतं.

पहिल्याच आठवड्यात ऑफिसात कुणीतरी विचारलं, राहतेस कुठे? मी टेचात सांगितलं, सांता क्लारा. समोरून लगेच बाउन्सर, "शहर की काउंटी?" आता आली का पंचाईत! घरी येऊन नकाशा उघडला तेव्हा कुठे ट्यूब पेटली. सांता क्लारा नावाचं शहर सांता क्लारा नावाच्याच काउंटीत आहे. जसं पुणे शहर पुणे जिल्ह्यात. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. कॅलिफोर्नियात अशा ५८ काउंटी आहेत आणि एकट्या आमच्या काउंटीत १५ शहरं. त्यात सॅन होजे आलं, माउंटन व्ह्यू आलं, पालो आल्टो आलं आणि तमाम आयटीवाल्यांचं पंढरपूर कूपर्टिनोही आलं. तुम्ही-आम्ही जिला कौतुकानं सिलिकॉन व्हॅली म्हणतो, तिचा मोठा भाग सरकारी कागदावर 'सांता क्लारा काउंटी' आहे. वस्ती साधारण १९ लाखांची.

काउंटीशी माझी खरी ओळख मात्र एका गादीने करून दिली. थट्टा नाही! लॉरेन्स एक्स्प्रेस-वे हा माझा रोजचा ऑफिसचा रस्ता. एका सकाळी कुणाच्या तरी ट्रकवरून पडलेली डबल बेडची गादी मधल्या लेनमध्ये ऐसपैस पसरली होती. मागे गाड्यांची ही भलीमोठी रांग. ऑफिसात पोचल्यावर मी जबाबदार नागरिकासारखा (नागरिक नाही, पण ते पुढे येतंच आहे) शहराच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हा रस्ता आमचा नाही, काउंटीचा आहे. नंबर देऊ का?

म्हणजे कसं, की लॉरेन्स, सॅन टोमास, माँटेग्यू, सेंट्रल असे आठ एक्स्प्रेस-वे इथे काउंटी सांभाळते. रस्त्याच्या डावीकडची दुकानं एका शहराची, उजवीकडची घरं दुसऱ्या शहराची आणि मधला डांबरी पट्टा काउंटीचा. सॅन होजेच्या पोटात तर अशाही वस्त्या आहेत, ज्या कुठल्याच शहरात मोडत नाहीत. त्यांचं सगळं थेट काउंटीकडे.

मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मी हिंजवडीत नोकरीला होते तेव्हा काचेच्या उंच बिल्डिंगा, आत अमेरिकन क्लायंट, आणि बाहेरच्या गावाचा कारभार बघायला ग्रामपंचायत! पुणे महापालिका नाही, पिंपरी-चिंचवडही नाही. आम्ही कँटीनमध्ये बसून 'ग्लोबल' गप्पा मारायचो, पण गेटबाहेर सरपंचांची हद्द सुरू होते हे आमच्या टीममधल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं?

पाच माणसं आणि हिरवं कार्ड

तर ही काउंटी करते काय? लग्नाचा परवाना देते. जन्माचा दाखला देते. प्रॉपर्टी टॅक्स गोळा करते, तुरुंग चालवते, निवडणुका घेते, ज्या मुलांना घर नाही त्यांची जबाबदारी घेते. डासांचा बंदोबस्तसुद्धा काउंटीचाच. तुम्ही शनिवारी मसाला डोसा हाणायला गेलात तर हॉटेलच्या दारावर एक हिरवं कार्ड दिसेल. काउंटीच्या इन्स्पेक्टरने स्वयंपाकघर तपासलं आणि पास केलं, असा त्याचा अर्थ. पिवळं असेल तर गंभीर चुका सापडल्यात, दुरुस्त करून दाखवा. लाल असेल तर बंद. आता हॉटेलात शिरताना मी मेनू नंतर बघते, आधी कार्ड.

आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हॉस्पिटलं. आपली जिल्हा परिषद, कलेक्टर कचेरी आणि ससून एकाच छपराखाली आणा, म्हणजे काउंटीचा अंदाज येईल. वर्षाचं बजेट १२ अब्ज डॉलरहून मोठं, कर्मचारी २० हजारांहून जास्त. आणि हा सगळा डोलारा चालवणारं मंडळ किती जणांचं? पाच! 'बोर्ड ऑफ सुपरवायझर्स' असं त्याचं नाव. काउंटीचे पाच भाग, प्रत्येक भागातून एक सुपरवायझर, मुदत चार वर्षं. मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे पक्ष लिहिलेला नसतो. बैठका मंगळवारी, सॅन होजेच्या वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या सरकारी इमारतीत.

'सुपरवायझर' म्हटल्यावर सुरुवातीला माझ्या डोळ्यांसमोर मात्र हातात रजिस्टर घेतलेले बांधकामाच्या साइटवरचे काका यायचे. असो.

खरं सांगायचं तर हे सगळं मला कळलं ते मार्च २०२० मध्ये. त्या वर्षी १६ मार्चला आमच्या काउंटीसह बे एरियातल्या सहा काउंटींच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी मिळून 'घराबाहेर पडू नका' असा आदेश काढला. अमेरिकेतला तो अशा प्रकारचा पहिला आदेश. संपूर्ण कॅलिफोर्निया राज्याचा आदेश आला १९ तारखेला. भारतातला लॉकडाऊन सुरू झाला २५ ला. आमच्या काउंटीच्या त्या वेळच्या आरोग्य अधिकारी होत्या डॉ. सारा कोडी. ना राष्ट्राध्यक्ष, ना गव्हर्नर. माझ्या घराचं दार बंद करण्याचा अधिकार काउंटीच्या एका डॉक्टरबाईंकडे होता! मी त्या दिवशी टीव्ही बंद केला आणि पहिल्यांदा काउंटीच्या बातम्या वाचायला घेतल्या.

मग ती सवयच लागली. सुपरवायझरच्या ऑफिसकडून येणारी पत्रं, उन्हाळ्यात पारा चढला की कुठल्या लायब्ररीत एसीत बसता येईल त्याची यादी, वणव्याचे अलर्ट. अमुक भागात वेस्ट नाइलचे डास सापडले, रात्री धुरळणी होणार, अशी नोटीस आली की मला कोथरूडच्या गल्लीतली धुराची गाडी आठवते. आम्ही पोरं तिच्यामागे ओरडत पळायचो आणि आई खिडकीतून ओरडायची. नवरा मला चिडवतो, "आला का तुझा सकाळ?" येऊ दे. चहाबरोबर काहीतरी वाचायला लागतंच.

कळ की ठणका?

आता मुद्द्याची गोष्ट. २०२४ च्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पोटात एक कायमचा गोळा असतो, आई-बाबा इथे असताना त्यांना काही झालं तर? व्हिजिटर इन्शुरन्स काढलेला असतो, पण त्यातली बारीक अक्षरं वाचली की झोप उडते.

तर एका रात्री दीडच्या सुमाराला बाबा पलंगावर उठून बसले. छातीखाली हात धरलेला, घामाने बनियन भिजलेला. ९११ ला फोन, ॲम्ब्युलन्स, आणि काउंटीचं हॉस्पिटल. मी मागून गाडी चालवत गेले. त्या वीस मिनिटांत मनात काय काय आलं ते लिहीत नाही. तुम्हाला कळेल.

बाबांचं इंग्रजी एकदम फर्स्ट क्लास. आयुष्यभर बँकेत इंग्रजीत ड्राफ्टिंग केलेला माणूस. पण त्या रात्री नर्सने विचारलं, दुखतंय कसं ते सांगा, आणि बाबांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द निघेना. "कळ येतेय गं," एवढंच. मी भाषांतर करायला गेले आणि माझीच विकेट पडली. कळ म्हणजे काय सांगणार? पेन? मग ठणका म्हणजे काय? चमक म्हणजे काय? सगळंच पेन? नर्सने मला खुणेनेच थांबवलं. म्हणाली, तू मुलगी आहेस, तू नुसती त्यांचा हात धर. आणि एक स्टँड ढकलत आणला, त्यावर स्क्रीन. दहाएक मिनिटांत त्या स्क्रीनवर एक बाई आल्या आणि स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "नमस्कार काका. घाबरू नका. मला सांगा, कळ राहून राहून येतेय, की सारखं ठणकतंय? पाठीकडे चमक जातेय का?"

बाबांनी डोळे मिटले आणि बोलायला लागले. पाठीकडे जातेय. उजव्या खांद्यापर्यंत. जेवल्यानंतर वाढली. डॉक्टरांचा चेहरा बदललेला मी बघितला. हार्टच्या तपासण्या झाल्याच, पण त्याबरोबर सोनोग्राफीही झाली. निघाला पित्ताशयातला खडा. त्या बाई कोण, कुठल्या, मला आजवर माहीत नाही. स्क्रीन बंद करताना म्हणाल्या, "काळजी घ्या हं काका," आणि गेल्या.

पहाटेपर्यंत मी बाहेरच्या खुर्च्यांवर बसून होते. इमर्जन्सीत आलेल्या माणसाला आधी तपासायचं, पैशाचं नंतर बोलायचं, असा अमेरिकेत १९८६ पासून कायदा आहे. त्यामुळे तिथे सगळी दुनिया असते. ऑफिसं झाडणाऱ्या एक मावशी होत्या, युनिफॉर्मवरच आलेल्या. एक टॅक्सीवाला होता. आणि समोर बसला होता माझ्याच वयाचा एक भारतीय मुलगा, एका स्टार्टअपचा लोगो असलेला टी-शर्ट घातलेला, हाताला फडकं गुंडाळलेलं. म्हणाला, दोन महिन्यांपूर्वी नोकरी गेली, तिच्याबरोबर इन्शुरन्सही. तोपर्यंत माझ्या मनात 'काउंटीचं हॉस्पिटल' म्हणजे 'इतर' लोकांचं हॉस्पिटल होतं. एका ले-ऑफच्या अंतरावर आपणही 'इतर' आहोत, हे त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

एक मिनिट

जून २०२५. काउंटीचं नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्याआधी जूनमध्ये बजेटवर सुनावणी असते. तेव्हा वॉशिंग्टनमध्ये आरोग्याचा पैसा कापण्याचं विधेयक चर्चेत होतं. गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्यातून, म्हणजे मेडिकेडमधून, काउंटीच्या हॉस्पिटलांना मोठा पैसा येतो. तो आटला तर काय काय छाटायचं, याची धाकधूक सगळ्या कागदपत्रांत दिसत होती. मी ते वाचत बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट, तो चाकांचा स्टँड आणि त्यावरची स्क्रीन. बजेटच्या भाषेत ती कुठल्या ओळीत बसत असेल? 'भाषा सेवा'? कात्री चालवायची तर अशाच ओळी पहिल्यांदा डोळ्यांत भरतात.

आता करणार काय? मी एच-वन-बीवाली. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी मागे, की माझा नंबर लागेपर्यंत गुडघे बदलायची वेळ येईल. मत द्यायचा अधिकार नाही. टॅक्स मात्र पहिल्या पगारापासून. नवरा म्हणाला, "तुला मतच नाही, तर तुझं कोण ऐकणार?"

पण मंडळी, कॅलिफोर्नियात ब्राउन ॲक्ट नावाचा एक भन्नाट कायदा आहे, १९५३ चा. राल्फ ब्राउन नावाच्या आमदाराने आणलेला. काउंटी असो, शहर असो, शाळेचं बोर्ड असो, लोकांनी निवडून दिलेल्यांनी निर्णय उघड्यावर घ्यायचे. नेहमीच्या बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी सगळ्यांना दिसेल अशी लावायची. आणि जनतेतल्या माणसाला बोलायची संधी द्यायची. आता गंमत बघा. बैठकीला यायचं तर नाव सांगा, सही करा, अशी अटसुद्धा घालता येत नाही. मग पासपोर्ट कोण विचारतो? मतदार असायची गरज नाही. माणूस असलं की पुरतं.

त्या मंगळवारी मी झूमवरून रांगेत बसले. एका स्क्रीनवर बोर्ड, दुसऱ्या स्क्रीनवर आमच्या टीमचा स्टँड-अप. माझ्या आधी नर्स बोलल्या, एक पाद्री बोलले, कुत्र्यांच्या पार्कसाठी एक आजोबा तावातावाने बोलले, आणि एक गृहस्थ कशाबद्दल बोलले ते देवालाच ठाऊक. प्रत्येकाला एक मिनिट. अध्यक्ष सगळ्यांना 'थँक यू' म्हणत होते, त्या गृहस्थांनासुद्धा. आणि नेमकं माझं नाव पुकारलं तेव्हा इकडे आमचा मॅनेजर विचारतोय, तुझा अपडेट काय? मी त्याला म्यूट केलं. करिअरमध्ये पहिल्यांदाच!

रोज झूमवर दहा जणांसमोर बडबडणारी मी, पण तोंड कोरडं पडलं. समोर घड्याळ उलटं धावत होतं. मी म्हटलं, मला इथे मत नाही. पण गेल्या वर्षी तुमच्या हॉस्पिटलात माझ्या वडिलांना त्यांच्या भाषेत कुणीतरी विचारलं, की दुखतंय ते कसं दुखतंय. माझ्या भाषेत त्यासाठी निदान तीन शब्द आहेत, आणि तिन्हींचे आजार वेगळे असू शकतात. तुमच्या बजेटमध्ये ही एक छोटी ओळ असेल. ती खोडायच्या आधी... आणि बझर वाजला. वाक्य तसंच अधांतरी. "थँक यू. नेक्स्ट स्पीकर."

बास, एवढंच. टाळ्या नाहीत, काही नाही. माझ्या एका मिनिटाने १२ अब्ज डॉलरचं बजेट जागचं हललं असं मी मुळीच म्हणणार नाही. पण त्या दुपारी मी लॉरेन्स एक्स्प्रेस-वेवरून घरी जात होते तेव्हा पहिल्यांदाच वाटलं, हा रस्ता आपला आहे. गादीसकट.

लाँड्रीतली लोकशाही

पुढे ४ जुलै २०२५ ला त्या विधेयकाचा कायदा झाला. काउंटीच्या अंदाजाने फटका वर्षाला एक अब्ज डॉलरहून मोठा. इथे थोडं मागचं सांगायला हवं. ओ'कॉनर आणि सेंट लुईस ही दोन हॉस्पिटलं मालकाच्या दिवाळखोरीत बंद पडायच्या बेताला आली, तेव्हा २०१९ मध्ये काउंटीनेच ती विकत घेतली. एप्रिल २०२५ मध्ये पूर्व सॅन होजेतलं रिजनल मेडिकल सेंटरही घेतलं. म्हणजे आता काउंटीची हॉस्पिटलं चार, आणि पैशाचा नळ बारीक. ऑगस्टमध्ये बोर्डाने ठरवलं, लोकांनाच विचारू. पाच वर्षांसाठी सेल्स टॅक्स पाच अष्टमांश टक्का वाढवायचा का? म्हणजे १०० डॉलरच्या खरेदीवर साडेबासष्ट सेंट जास्त. किराणा आणि डॉक्टरने लिहून दिलेली औषधं यांना हा टॅक्स लागत नाही. वर्षाला साधारण ३३ कोटी डॉलर जमतील असा हिशेब. नाव 'मेझर ए'.

आमच्या बिल्डिंगच्या लाँड्रीरूममध्ये एक शेजारीण भेटतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. त्या म्हणतात नावाने हाक मार, पण माझ्या तोंडून ते काही निघत नाही, मनातल्या मनात त्या आजीच. ऑक्टोबरमध्ये आजी मशीनवर मतदारांची पुस्तिका पसरून बसल्या होत्या. ही पुस्तिका बघून मी चाटच पडले. प्रस्ताव काय आहे, काउंटीच्या वकिलांचं तटस्थ विश्लेषण, बाजूने मुद्दे, विरोधात मुद्दे, आणि एकमेकांच्या मुद्द्यांना उत्तरं. सगळं घरपोच!

आजी विरोधात होत्या. म्हणाल्या, पेन्शनवर जगतेय मी. सेल्स टॅक्स श्रीमंताला आणि मला सारखाच. तुम्हा इंजिनियरांना काय फरक पडतो? मुद्दा खोटा नव्हता. मी वाद घातला नाही. मी त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. कळ, ठणका, चमक. त्यांनी तिन्ही शब्द दोनदा म्हणून बघितले. 'ठणका'चा 'थांका' झाला. मग म्हणाल्या, माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं, हॉस्पिटलात भाषांतर मी करायचे, नऊ वर्षांची होते तेव्हापासून. आणि ड्रायरमधून टॉवेल काढायला लागल्या.

४ नोव्हेंबरला मतदान झालं, मेझर ए मंजूर झालं. आजींनी कुठल्या बाजूने मत दिलं ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

आईचा फोन

आता तुम्ही म्हणाल, ही बया आम्हाला अमेरिकेचं गुणगान ऐकवतेय. थांबा. खरी चपराक पुढे आहे, आणि ती मलाच बसलीये.

जानेवारी २०२६. पुणे महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यानंतर जवळजवळ चार वर्षं प्रशासकांचा कारभार. शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान ठरलं. आदल्या रात्री आईचा फोन. "अगं, चार मतं द्यायची आहेत. चार सदस्यांचा प्रभाग आहे ना. तू एवढं वाचतेस, सांग बरं कुणाला देऊ?"

मी गप्प. मला सांता क्लारा काउंटीचे पाचही सुपरवायझर नावानिशी पाठ. कुठला एक्स्प्रेस-वे कुणाचा, धुरळणी कुठल्या दिवशी, सगळं पाठ. आणि ज्या कोथरूडमध्ये मी २५ वर्षं काढली, तिथल्या एकाही उमेदवाराचं काम मला माहीत नाही. आमचा प्रभाग नंबर कितवा तेसुद्धा नाही!

मग आठवलं. २१ फेब्रुवारी २०१७, त्याआधीचं मतदान. मंगळवार होता, कंपनीने सुट्टी दिली होती. तेव्हा मला मत होतं. यादीत नाव, हातात कार्ड, बूथ घरापासून चालत सात मिनिटांवर. चार-चार मतं! आणि आम्ही ग्रुपने लोणावळ्याला गेलो होतो. फोटो आहेत माझ्याकडे, टायगर पॉइंटवर भजी खातानाचे. सगळ्यांची बोटं स्वच्छ.

मत होतं तेव्हा मला मत नव्हतं. आणि आता मत आहे तर मत नाही. मराठीत दोन्हींना एकच शब्द का आहे, हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं.

आईला म्हटलं, मला नाही माहीत गं. ती म्हणाली, "बरं, मग मीच विचारते खाली लोकांना." दुसऱ्या दिवशी दोघांचा फोटो आला. आई-बाबा, शाई लावलेली दोन बोटं, आणि मागे तीच आमची शाळा. बाबांनी खाली लिहिलं होतं, 'कळ नाही, ठणका नाही, चमक नाही. फक्त शाई.'

होमवर्क!

सारखं लेक्चर देणं मलाही आवडत नाही. पण तुमच्याकडे मत आहे, आणि मतही असेल. तर पुण्यात असाल तर एवढं करा. बाकी शहरांतल्या मंडळींनी आपापल्या पालिकेचं शोधायचं.

एक. आपला प्रभाग नंबर आणि आपलं क्षेत्रीय कार्यालय कुठलं ते फोनमध्ये सेव्ह करा. पिझ्झावाल्याचा नंबर आहे ना? त्याच्या खाली.

दोन. प्रभागातल्या नगरसेवकांची नावं पाठ करा. पाठ होईपर्यंत ऑफिसात राजकारणावर बोलायचं नाही. ही अट मी स्वतःला घातली आहे, त्यामुळे सध्या आमच्याकडे फार शांतता असते.

तीन. पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांना बजेटमध्ये कामं सुचवायची सोय सुरू केली. फुटपाथ, बाक, दिवे, बसस्टॉपचं शेड अशी गल्लीतली कामं. क्षेत्रीय कार्यालयात जाऊन यंदाचा अर्ज कधी निघणार ते विचारा. एक अर्ज भरायला एका कॉफीपेक्षा कमी वेळ लागतो.

चार. महापालिकेची मुख्य सभा एकदा तरी बघा. प्रेक्षक गॅलरी आहे. थोडं बोअर होईल, थोडी करमणूक होईल. पण आपल्या घरासमोरच्या रस्त्याचं काय चाललंय ते ऐकताना मल्टिप्लेक्सपेक्षा जास्त टेन्शन येतं, प्रॉमिस.

आणि कधी बोलायची संधी मिळालीच, तर सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पहिलं बोला. बझर कुणासाठी थांबत नाही.